गाडीचे ‘काम निघाले’ म्हणतात तेव्हा

दुचाकी ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. दोन वस्त्या सांभाळणारी अंगणवाडी सेविका, रात्रपाळीची परिचारिका, तालुक्याच्या शाळेत रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारा शिक्षक, घरोघर जेवणाची पार्सले पोचविणारा तरुण, या सगळ्यांची भाकरी गाडीच्या दोन चाकांवर फिरते. हप्ते भरून घेतलेली ही गाडी सकाळी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी फोन येतो, “मॅडम, गाडीचे बरेच काम निघाले आहे.” मग एकामागून एक अशी नावे कानावर पडतात की त्यांतली निम्मी आपण प्रथमच ऐकत असतो. सकाळी नऊशे म्हणून सांगितलेला खर्च अडीच हजारांवर जातो. आपण “बरं, करा” म्हणून मोकळे होतो. कारण ‘नको’ म्हणायला लागणारी माहिती आपल्याजवळ नसते, आणि पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणतो, “तुमच्या सेफ्टीसाठीच सांगतोय.”

याची दुसरी बाजू अधिक घातक आहे. दोन-तीन वेळा फसल्यासारखे वाटले की माणूस सगळेच काम टाळू लागतो. ‘हे लोक वाढवूनच सांगतात’ असे म्हणत ब्रेकचे लायनरही पुढच्या पगारावर ढकलतो, गोटा झालेला टायर पावसाळाभर वापरतो. इंजिन फ्लशचे दोनशे रुपये वाया गेले तर महिन्याचे गणित थोडे बिघडेल. पण लायनर संपलेल्या गाडीवर मुलाला मागे बसवून घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा सगळ्या कामांना एकाच मापाने मोजून चालत नाही. प्रत्येक काम सुटे करून पाहता आले पाहिजे, आणि त्यासाठी मेकॅनिक असावे लागत नाही.

आधी पुस्तिका उघडा

गाडी घेतली तेव्हा कागदपत्रांच्या पिशवीत एक पुस्तिका मिळालेली असते. बहुतेकांच्या घरी ती प्लॅस्टिकमधून कधी बाहेरच आलेली नसते. तिच्यात शेवटी एक तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी कोणता भाग तपासायचा, कोणता साफ करायचा आणि कोणता बदलायचा, हे त्यात लिहिलेले असते. तपासणे आणि बदलणे या दोन शब्दांतला फरक नीट पाहा. तक्त्यात ‘तपासा’ असलेले काम जॉबकार्डावर येईपर्यंत ‘बदला’ झालेले असते, असा प्रकार नेहमीचा आहे. पुस्तिका हरवली असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. घरातले कॉलेजात जाणारे मूल पाच मिनिटांत मोबाइलवर उतरवून देईल. सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर लावलेला तक्ता मात्र कंपनीचाच असतो असे नाही. कित्येकदा त्या विक्रेत्याने स्वतःची दोन-चार कामे त्यात घुसवलेली असतात.

किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी पुरे होईल ते धरायचे असते. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या पार्सलवाल्या मुलाचे महिन्यात तीन हजार होतात, त्याने कॅलेंडर पाहू नये, मीटर पाहावे. वर्षात दोन हजारही न फिरणाऱ्या बाईंच्या गाडीला उलट महिन्यांचा हिशेब लावावा लागतो, कारण ऑइल आणि ब्रेकचे तेल गाडी उभी असतानाही जुने होतच असते.

तक्त्यात नाव नसलेले काम सांगितले गेले तर दोनच प्रश्न उरतात. गाडीचा असा कोणता त्रास आहे की ज्यासाठी हे करायचे? आणि भाग झिजला म्हणता, तर तो दाखवता का? खरे काम सांगणारा मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. तो तुम्हाला गाडीपाशी घेऊन जातो.

एक जॉबकार्ड वाचून पाहू

समजा, ११० सीसीची स्कूटर आहे, २०२१ साली घेतलेली, मीटरवर एकवीस हजार किलोमीटर. गाडीची तक्रार काही नाही, फक्त ॲव्हरेज थोडे उतरले आहे. जॉबकार्डावर पुढील कामे लिहून आली आहेत.

इंजिन ऑइल बदलणे: हे हवेच. अशा स्कूटरमध्ये ऑइल जेमतेम पाऊण लिटरच्या आसपास असते, त्यामुळे ते थोडे कमी झाले तरी इंजिनाला जाणवते. मात्र दर दोन हजारांना बदलाच, हा आग्रह जुन्या गाड्यांच्या काळातला. आजच्या गाड्यांसाठी कंपनीने दिलेला आकडा सहसा त्याहून मोठा असतो. बदलण्याच्या तारखेइतकेच महत्त्व मधल्या काळात पातळी पाहण्याला आहे. सपाट जागी गाडी डबल स्टँडवर लावायची, पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची. पट्टीचे आटे फिरवायचे की नुसती टेकवायची, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. पंधरा दिवसांतून एकदा हे केले तर इंजिन जाम होण्याचा मोठा खर्च टळू शकतो. हे काम घरातल्या कोणालाही जमते, मुलींना तर आवर्जून शिकवावे.

इंजिन फ्लश: जुने ऑइल काढून दाखवतात, “बघा, किती काळे झाले आहे!” ऑइल काळे होणे हा दोष नव्हे. आतली काजळी धरून ठेवण्याची द्रव्ये ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली असतात. ती आपले काम करत आहेत, म्हणून ऑइल काळे दिसते. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला फ्लश लागत नाही. वर्षानुवर्षे ऑइलच न बदलल्यामुळे आत गाळ साचलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिला बाटलीभर द्रव ओतून भागेलच असेही नाही.

कार्ब्युरेटर साफ करणे: येथे थांबून गाडीचे साल पाहावे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. आपल्या २०२१ च्या स्कूटरमध्ये जो भाग नाहीच, तो साफ करण्याचे पैसे कसले? संगणकात जुना मजकूर तसाच राहिलेला असतो, कधी चूक नकळत होते, कधी कळून. लक्षात आणून दिले की ‘इंजेक्टर क्लीनिंग’ असे नवे नाव येते. गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, मिसिंग करत असेल किंवा मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहत असेल तर तपासणी करून घ्यावी. एरवी गरज नाही.

कूलंट टॉपअप: ११० सीसीच्या सर्वसाधारण स्कूटरचे इंजिन हवेवर थंड होते. त्यात कूलंट नसतेच. ही ओळ सरळ खोडावी.

एअर फिल्टर: हे काम बहुधा खरे असेल. ॲव्हरेज उतरले आहे, एकवीस हजार झाले आहेत आणि फिल्टर पहिल्यापासूनचा आहे. पुस्तिकेतला आकडा पाहा आणि फिल्टर काढून दाखवायला सांगा. स्कूटरमध्ये बऱ्याचदा तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो हवेचा झोत मारून साफ करायचा नसतो, मुदत भरली की बदलायचा असतो. ‘झोत मारून दिला, पैसे वाचवले’ असे कोणी सांगितले तर ती मदत नव्हे. खडी क्रशर, वीटभट्टी किंवा मातीच्या रस्त्याने रोज जाणे असेल तर मुदतीआधीच तो भरतो.

स्पार्क प्लग: स्वस्त भाग. मुदत झाली असल्यास बदलावा, वाद घालण्यासारखे त्यात काही नाही.

बेल्ट: स्कूटरला साखळी नसते, रबरी बेल्ट असतो. तो वाटेत तुटला की इंजिन चालू राहते पण गाडी जागची हलत नाही. रात्रपाळीहून सुनसान रस्त्याने परतणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही साधी अडचण नाही. वीस हजारांनंतर बेल्टचे नाव निघाले तर ते उडवून लावू नये. बाजूचे झाकण उघडून बेल्ट वाकवून पाहायला सांगावे. आतल्या दात्यांत भेगा दिसल्या, कडा उसवल्या असल्या की बदलायचा. रुंदीचे किमान माप कंपनीने ठरवून दिलेले असते, ते मोजून दाखवता येते. जागेवरून निघताना गाडी थरथरते, इंजिन ओरडते पण वेग येत नाही, ही लक्षणे या बाजूचीच.

गिअर ऑइल: मागच्या चाकाजवळ जेमतेम शंभर-सव्वाशे मिली. पुस्तिकेप्रमाणे बदलावे.

टेफ्लॉन कोटिंग आणि गंजरोधक फवारा: पहिले केवळ चकाकीसाठी. हौस असेल तर करावे, गरज म्हणून नव्हे. दुसऱ्याबाबत मात्र राहता कुठे ते पाहायला हवे. लातूर-अमरावतीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. रत्नागिरी, अलिबाग, मालवणकडे खाऱ्या हवेत पत्रा आणि नटबोल्ट लवकर खातात, तेथे ते पैसे अगदीच वाया म्हणता येणार नाहीत.

बॅटरी बदला: आधी मोजून दाखवा म्हणावे. व्होल्टमीटर प्रत्येक गॅरेजात असतो. काही तास बंद असलेल्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. जात नसेल तर दोष चार्जिंगच्या बाजूचा आहे, नवी बॅटरी घातली तर तीही काही दिवसांत बसेल. आणि मोजण्याच्याही आधी टर्मिनलवर साचलेली पांढरी पूड साफ करून, नट घट्ट करून पाहावे. सेल्फ न लागण्याचे कारण कित्येकदा इतकेच असते.

टायरमध्ये नायट्रोजन: आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. स्कूटरच्या टायरला साधी हवा पुरते. ती वेळेवर भरली जावी, एवढेच.

येथे काटकसर नको

ब्रेक, टायर आणि हँडल ही तीन नावे निघाली तर संशयाने नव्हे, काळजीने बघायचे. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत चाकाजवळ ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा बाण असतो आणि पत्र्यावर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला की लायनर संपले. गॅरेजात जाण्याची गरज नाही, अंगणात उकिडवे बसूनही दिसते. पुढे डिस्क असेल तर पॅडवर झिजेची खाच असते, ती पुसली गेली की पॅड बदलायचे. डिस्कच्या ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते सहसा दोन वर्षांनी बदलायला सांगतात. हे वाढवून सांगितलेले काम नाही. ओलावा शिरलेले तेल लांब उतारावर तापले की ब्रेक पोकळ लागतो.

टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. त्यांची जागा सापडावी म्हणून कडेला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. टायर झिजत त्या उंचवट्याशी सपाट झाला की त्याचे आयुष्य संपले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी-तीनचाकीसाठी खाचांची किमान खोली ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर सांगितली आहे. पण पावसाळ्यात इतक्या टोकाला जाण्यात अर्थ नाही. टायर नवा म्हणून विकत घेताना कडेला चार आकडे वाचावेत. २४२३ म्हणजे २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यातला टायर. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला माल नव्या भावात घेऊ नये.

‘बोअर मारावा लागेल’

सगळ्यांत मोठी धास्ती या वाक्याची. दुचाकीला बोअर-पिस्टन म्हणजे कित्येक हजारांचा खर्च, आणि रोजंदारीवरच्या घरात तो उसनवारीनेच होतो. म्हणून नुसता धूर पाहून हो म्हणू नये. धुराचा रंग कोणता? थंडीत सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ म्हणजे पाण्याची वाफ, तिला घाबरायचे कारण नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे, तेथे फिल्टर आणि इंधनाची बाजू पाहायची, बोअरशी त्याचा संबंध नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. त्यातही सकाळी सुरू करतानाच येऊन थांबत असेल तर पुष्कळदा वॉल्व्हचे सील गेलेले असतात, ते काम बोअरपेक्षा बरेच स्वस्त. ॲक्सिलेटर पिळला की दर वेळी निळा धूर सुटत असेल आणि ऑइलची पातळीही भराभर उतरत असेल, तर मात्र रिंग आणि बोअरकडे बोट जाते. ऑइल प्रमाणाबाहेर भरले गेले असले तरी धूर येतो, ही शक्यताही आधी तपासून घ्यावी.

याची खात्री करण्याची पद्धत आहे. प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन मोजतात. आकडा कमी आला तर त्याच भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आता आकडा वाढला तर रिंग-बोअर झिजले आहेत, वाढला नाही तर दोष वॉल्व्हचा. ज्याच्याकडे गेज नाही त्याने इंजिन खोलण्याचा निर्णय कानाने आणि डोळ्याने देऊ नये. दुसऱ्या ठिकाणी जाऊन ‘काम करायचे नाही, फक्त तपासून सांगा, तपासणीचे पैसे देतो’ असे स्पष्ट सांगावे. फुकट तपासणीत काम मिळविण्याची आशा असते, पैसे देऊन केलेल्या तपासणीत ती कमी असते.

नाक्यावरचा मिस्त्री प्रामाणिक आणि सर्व्हिस सेंटर लुटारू, असा सरळ हिशेब मांडू नये. अनेक मिस्त्री वर्षानुवर्षे इमानाने काम करतात. काही जण नकली भाग अस्सल म्हणून बसवतात. आणि सेंटरच्या कौंटरवरच्या मुलाला बहुधा महिन्याचे विक्रीचे उद्दिष्ट दिलेले असते, त्याच्या पगाराचा काही भाग त्यावर ठरतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. गाडी वॉरंटीत असेल तर तक्त्याप्रमाणे अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करून नोंद ठेवणे फायद्याचे. पण तेथेही तक्त्याबाहेरची कामे करून घेण्याची सक्ती नसते. ‘फ्री सर्व्हिस’मध्ये मजुरी तेवढी माफ असते, ऑइल आणि भागांचे पैसे पडतातच, हेही आधीच माहीत असावे.

बाई गाडी घेऊन गेली की ‘साहेबांना विचारून घ्या ना मॅडम’ असे काही ठिकाणी सुचवितात. गाडी जी चालवते तिलाच तिचा आवाज आणि ब्रेक ठाऊक असतो. जॉबकार्डावर सही करण्यापूर्वी ते वाचावे. ‘यापलीकडचे काम मला फोन करून, रक्कम सांगून, मी हो म्हटल्यावरच करायचे’ हे वाक्य त्यावर लिहून घ्यावे. बदललेले जुने भाग परत हवेत, हेही गाडी देतानाच सांगावे. गाडी घेताना सांगितले तर ते भंगारात गेलेले असतात. फोनवर लगेच उत्तर द्यायचे नसेल तर म्हणावे, “आज ऑइल, फिल्टर आणि ब्रेक करा. बाकीचे लिहून द्या, बघून सांगते.” न सांगता केलेल्या कामाचे पैसे नाकारताना हेच लिहिलेले जॉबकार्ड उपयोगी पडते.

रिक्षावाल्या बांधवांसाठी थोडे वेगळे. रिक्षाचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. त्या आठवड्यात ‘पासिंगचे काम’ म्हणून एकगठ्ठा रक्कम सांगितली जाते. ती फोडून मागावी: ब्रेकचे किती, दिव्यांचे किती, रंगाचे किती. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून घाईत सगळे मान्य केले जाते. तपासणी पंधरा दिवस आधी करून घेतली तर ही घाई राहत नाही. विजेवरच्या गाड्या घेणाऱ्यांच्या बिलात इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर ही नावे असताच कामा नयेत. ब्रेक आणि टायर मात्र त्यांनाही झिजतातच.

बिल हातात आल्यावर

भागांची पाकिटे मागून घ्यावीत. त्यांवर छापलेल्या एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लावला असेल तर तो काढायला लावावा. मजुरीवर जीएसटी वेगळा लागतो, पण तो घेणाऱ्याच्या बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाने शे-दीडशे रुपये असतील तर त्यात काय वापरले ते विचारावे. ग्रीस आणि पुसण्याचे फडके एवढ्यालाच ते नाव असते. घरात एक शंभर पानी वही फक्त गाडीसाठी ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय केले, किती दिले. सहा महिन्यांपूर्वी बदललेला प्लग पुन्हा बिलात आला तर वहीच बोलते.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, म्हणजे २०१९ च्या कायद्यात, बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असे धरले जात नाही, तेव्हा रिक्षावाल्यालाही हे दार बंद नाही. प्रथम गॅरेजच्या मालकाला किंवा कंपनीला लेखी कळवावे आणि त्याची पोच ठेवावी. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथेही तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील देणे बंधनकारक नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. सोबत जॉबकार्ड, बिल, भागांची पाकिटे आणि वहीतल्या त्या पानाची प्रत जोडावी.